रॉकेट परत येतं, मग कारखाना एवढा मोठा कशाला?

पुन्हा वापरता येणाऱ्या रॉकेटबद्दल वाचताना एक शंका यायलाच हवी. रॉकेट एका उड्डाणानंतर समुद्रात टाकून द्यायचं नसेल, तेच ते दहा-वीस वेळा उडणार असेल, तर नवी रॉकेटं कमी लागतील. मग कारखानाही लहान पुरायला हवा. प्रत्यक्षात उलटंच चाललंय. ज्याचे दोन्ही टप्पे परत आणायचे आहेत अशा स्टारशिप रॉकेटसाठी स्पेसएक्स कंपनीने टेक्सास आणि फ्लोरिडा अशा दोन ठिकाणी ‘गीगाबे’ नावाच्या अवाढव्य इमारतींचं काम हाती घेतलंय. फ्लोरिडातल्या गीगाबेची उंची ११६ मीटर, म्हणजे पस्तीसेक मजल्यांची. टेक्सासच्या गीगाबेबद्दल बोलताना इलॉन मस्क यांनी वर्षाला १००० स्टारशिप हा आकडा सांगितला होता.

परत येणारं रॉकेट, आणि तरी वर्षाला हजार! याचा उलगडा इमारतीच्या उंचीत नाही. आतली एकेक जागा एकेका रॉकेटने किती दिवस अडवून ठेवायची, यात तो आहे. पण उंचीचा हिशोबही गमतीचा आहे, तेव्हा आधी तो बघू.

स्टारशिप दोन तुकड्यांचं रॉकेट आहे. खाली ‘सुपर हेवी’ नावाचा बूस्टर, म्हणजे सुरुवातीचा जोर देणारा खालचा टप्पा, उंची सुमारे ७१ मीटर, बुडाशी ३३ इंजिनं. त्याच्यावर ‘शिप’, म्हणजे अवकाशात जाणारा वरचा टप्पा, पन्नास मीटरच्या आसपास उंच आणि सहा इंजिनांचा. दोन्हींचा व्यास ९ मीटर. दोन्ही एकावर एक ठेवले की उंची १२० मीटरच्या पुढे जाते. अंगाचं पोलाद स्टेनलेस, पण पातळ, जेमतेम ४ मिलिमीटरचं.

या ९ मीटरमुळे पुढची बरीचशी गोष्ट ठरते. याच कंपनीच्या फाल्कन ९ रॉकेटचा व्यास ३.७ मीटर आहे, आणि तो मुद्दाम तेवढाच ठेवलाय. कॅलिफोर्नियातल्या हॉथॉर्नच्या कारखान्यात रॉकेट बनवायचं, ट्रेलरवर आडवं टाकायचं आणि पुलांखालून, सिग्नलच्या तारांखालून हजारो किलोमीटर दूर फ्लोरिडाला न्यायचं, हे त्या मापातच जमतं. ९ मीटरचं नळकांडं कुठल्याच हमरस्त्याने जाणार नाही. त्यामुळे ते जिथून उडणार तिथेच, किंवा निदान बंदराजवळ, बनवावं लागतं. टेक्सासच्या दक्षिण टोकाला, समुद्रकाठच्या बोका चिका इथे ‘स्टारबेस’ उभं राहिलं ते यातूनच. आता ते रीतसर शहर आहे. मे २०२५ मध्ये तिथल्या रहिवाशांनी मतदान करून तसं ठरवलं.

सुरुवातीला मात्र तिथे इमारत नव्हतीच. २०१९ मध्ये पहिली चाचणी-यानं उघड्या आभाळाखाली, वाळूत उभं राहून जोडली गेली. त्या वर्षीच्या जानेवारीत स्टारहॉपर या पहिल्या नमुन्याचा टोकाचा भाग वाऱ्याने चक्क उलथून पडला. नोव्हेंबरमध्ये एमके-१ नावाचं यान टाकीत दाब भरताना फुटलं आणि त्याचं झाकण आकाशात उडालं. यात कामाची जागा हे एकमेव कारण होतं असं कुणी म्हणणार नाही, कारण त्या यानाचं अंगच पत्र्याचे लहान-मोठे तुकडे जोडून बनवलं होतं आणि जोड पुष्कळ होते. तरीही उघड्यावरच्या वेल्डिंगची अडचण खरी आहे. वेल्डिंग करताना वितळलेल्या धातूला हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन लागू नये म्हणून त्याच्यावर आर्गॉनसारख्या वायूचं पांघरूण सोडतात. वारा आला की हे पांघरूण उडतं आणि थंड होणाऱ्या जोडात बारीक छिद्रं राहतात. समुद्रकाठी वारा असतोच, वर खारट दमटपणा.

म्हणून आधी तंबू आले. मग एकेक उंच शेड, आणि पुढे दोन ‘मेगाबे’. रॉकेटच्या अंगाच्या पोलादी कड्या आणि छोटे भाग बनवण्यासाठी सुमारे दहा लाख चौरस फुटांचा ‘स्टारफॅक्टरी’ हा सपाट कारखाना वेगळा उभा राहिला. त्या उंच शेडपैकी ‘हाय बे’ नावाची जुनी शेड, जिच्यात सुरुवातीची बरीच यानं जोडली गेली, ती २०२५ मध्ये पाडून टाकली, कारण गीगाबेला ती जागा हवी होती. चार वर्षं वापरलेली ऐंशी मीटर उंच इमारत इतक्या सहज पाडतात हे वाचून मला आधी उधळपट्टी वाटली होती. पुढचा हिशोब मांडल्यावर तशी वाटत नाही.

आता रॉकेट जोडतात कसं ते पाहू. पोलादाच्या गुंडाळीतून साधारण २८ मीटर लांबीची पट्टी कापायची (९ मीटर व्यासाचा परीघ तेवढाच भरतो), तिची दोन टोकं जोडायची, की एक कडी तयार. तिची उंची माणसाएवढी, १.८ मीटर. तीन-चार कड्या जोडून एक नळकांडं होतं आणि अशी नळकांडी एकमेकांवर चढवत टप्पा पूर्ण होतो. इथे आपल्या मनात येणारं चित्र बहुतेक चुकीचं असतं. आपल्याला वाटतं, घर बांधताना मजल्यावर मजला चढवतात तसं खालून वर जात असतील. इथे वरचा भाग आधी तयार होतो. तो क्रेनने उचलून धरतात, खाली जमिनीजवळच्या फिरत्या चौथऱ्यावर पुढचं नळकांडं ठेवतात, वरचा भाग त्याच्यावर अलगद टेकवतात आणि चौथरा हळूहळू फिरवत जागच्या जागी बसवलेल्या यंत्राकडून गोल जोड मारून घेतात. जोड पक्का झाला की सगळं पुन्हा वर, आणि खाली पुढचा तुकडा. म्हणजे वेल्डिंगचं यंत्र आणि तपासणारी माणसं कायम जमिनीजवळ राहतात, रॉकेटच वर वर सरकत जातं.

याची किंमत छताला मोजावी लागते. शेवटचा तुकडा जोडताना जवळजवळ अख्खा टप्पा हवेत लटकलेला असतो, आणि त्याच्या खाली तो तुकडा सरकवायला जागा हवी असते. फ्लोरिडाच्या गीगाबेत ८१ मीटरपर्यंत उंच टप्पे बसावेत अशी योजना आहे, कारण पुढच्या आवृत्त्या आणखी लांब होणार आहेत. ८१ मीटर टप्प्याचे. त्याखाली चौथरा. वर तो धरायचा आडवा तुळईवजा सांगाडा, त्याच्यावर क्रेनचा हूक, हुकावर क्रेनची स्वतःची जाडी, त्याच्यावर छताची कैची. ११६ मीटर असे भरतात. अशा इमारतीत जमिनीपासून हूक किती वर जाऊ शकतो हेच खरं माप. छप्पर त्याच्या मागून येतं.

क्रेनही साध्या नाहीत. गीगाबेतल्या क्रेनची क्षमता ४०० अमेरिकी टन, म्हणजे आपले सुमारे ३६३ मेट्रिक टन, जाहीर झाली आहे. रिकाम्या बूस्टरचं वजन दोनशे टनांच्या पुढे असतं. नुसत्या इंजिनांचं बघा: नव्या रॅप्टर ३ इंजिनाचं वजन १,५२५ किलो, अशी ३३ म्हणजे पन्नास टन.

आडवंच का जोडत नाहीत, हा प्रश्न योग्य आहे. छप्पर बुटकं चालेल, क्रेन लहान चालेल, माणसांना चढ-उतार नाही. रशियाने कायम तेच केलं. कझाकस्तानातल्या बायकोनूर या तळावर सोयूझ रॉकेट आजही आडवंच जोडून रेल्वेने नेतात आणि तळावर उभं करतात. सोव्हिएत काळातलं शंभर मीटरच्या पुढचं एन-१ हे चंद्ररॉकेटसुद्धा आडवंच जोडलं होतं. ब्लू ओरिजिन कंपनीचं ७ मीटर व्यासाचं न्यू ग्लेन रॉकेटही आडवंच तयार होतं. पण पातळ पोलादाचं ९ मीटरचं रिकामं नळकांडं आडवं ठेवलं की स्वतःच्याच वजनाने चेपून लंबगोल व्हायला बघतं, आणि दोन लंबगोल कडा एकमेकींशी जुळवणं हे वेल्डिंगवाल्यासाठी दुःस्वप्न. उभ्याने त्याचा गोल आकार टिकतो. शिवाय हे रॉकेट उडतं उभं, उतरतं उभं आणि त्याला उचलायच्या जागाही उभ्या अवस्थेसाठीच बनवलेल्या आहेत. प्रत्येक खेपेला आडवं करायचं ठरवलं तर एक नवंच अवघड काम वाढेल.

उंच इमारतींच्या बाबतीत सगळ्यांचा आजोबा फ्लोरिडातच उभा आहे. नासाची व्हेइकल असेंब्ली बिल्डिंग १९६० च्या दशकात सॅटर्न ५ या चंद्ररॉकेटसाठी बांधली गेली. उंची १६० मीटर, आतलं घनफळ सुमारे ३६.६ लाख घनमीटर. दरवाजे १३९ मीटर उंच आणि पूर्ण उघडायला पाऊण तास लागतो. तिच्या शेजारी गीगाबे ठेंगणीच. तिचं घनफळ सुमारे १३ लाख घनमीटर, जवळजवळ एक तृतीयांश. आणि गंमत म्हणजे स्टारशिप हे सॅटर्न ५ पेक्षा उंच रॉकेट आहे.

हे जमतं कारण नासा अख्खं रॉकेट इमारतीतच उभं करायची आणि मग त्या पूर्ण मनोऱ्याला रांगत्या वाहनावर चढवून तळावर न्यायची. १११ मीटरचं रॉकेट, खाली त्याचा तळ, वर क्रेन, म्हणून १६० मीटर. स्टारशिपचे दोन टप्पे इमारतीत कधी भेटतच नाहीत. प्रत्येक टप्पा बहुचाकी वाहनावर उभा राहून वेगवेगळा तळावर जातो. तिथे मनोऱ्याचे दोन अजस्र हात आधी बूस्टर आणि मग त्याच्यावर शिप उचलून ठेवतात. १३ ऑक्टोबर २०२४ ला परत येणारा बूस्टर हवेतल्या हवेत झेलला तो याच हातांनी. त्या झेलण्याचं कौतुक जगभर झालं, पण तेच हात एरवी क्रेनचं काम करतात आणि त्यांच्यामुळे जोडणीच्या इमारतीची कित्येक मीटर उंची वाचते, हे फारसं कुणी बोलत नाही.

पायाबद्दल थोडं. रॉकेटचे तळ समुद्रकाठी असतात, म्हणजे जमीन वाळूची, गाळाची, आणि हाताभर खोदलं की पाणी. त्यात अशी इमारत म्हणजे उंच, पोकळ आणि आकाराच्या मानाने हलकी पेटी. वादळात तिच्या भल्यामोठ्या भिंतीवर वारा आदळतो तेव्हा एका बाजूचा पाया खाली दाबला जातो आणि दुसऱ्या बाजूचा उपटला जायला बघतो. म्हणजे पायाने इमारत पेलायचीही असते आणि धरून ठेवायचीही. नासाच्या इमारतीखाली ४,२२५ पोलादी पाइल, म्हणजे जमिनीत रोवायचे पोकळ खांब, ठोकले आहेत, सुमारे ४९ मीटर खोल, खालच्या चुनखडीच्या खडकापर्यंत. खाऱ्या पाण्यात हजारो पोलादी नळ्या रोवल्यामुळे सगळा पाया मिळून एक प्रचंड विजेचा घट होणार आणि पोलाद गंजत जाणार, हे अभियंत्यांच्या लक्षात आलं. मग तांब्याच्या तारांनी ते पाइल विद्युतदृष्ट्या जोडून घ्यावे लागले. एवढं करूनही २००४ च्या फ्रान्सिस वादळाने त्या इमारतीचे आठशेहून अधिक बाह्य पत्रे उचकटून नेले. सांगाडा मात्र हलला नाही.

आता मुख्य मुद्दा. फ्लोरिडाच्या गीगाबेत २४ कप्पे असणार आहेत. प्रत्येक कप्प्यात एका वेळी एक बूस्टर किंवा एक शिप उभं राहील. कुठे नवा टप्पा जोडणं चालू असेल, कुठे परत आलेल्याची तपासणी, दुरुस्ती. नासाच्या त्या महाकाय इमारतीत उंच कप्पे होते चार, आणि सॅटर्न ५ च्या काळात त्यातले तीनच पूर्ण सजवले गेले. एक तृतीयांश घनफळात सहापट जागा, हा या नव्या इमारतीचा खरा पराक्रम आहे.

पण कप्पे मोजून क्षमता कळत नाही. रुग्णालयात खाटा किती यापेक्षा एकेक रुग्ण किती दिवस राहतो, यावर वर्षभरात किती जण बरे होऊन घरी जातील ते ठरतं. तसंच इथेही. समजा एक टप्पा एका कप्प्यात ३० दिवस राहिला. एका कप्प्यातून वर्षाला बारा टप्पे, २४ कप्प्यांतून २९० च्या आसपास. आता हजाराचा आकडा घ्या. २४ कप्प्यांच्या इमारतीतून वर्षाला हजार टप्पे बाहेर पडायचे, तर प्रत्येकाला मिळतात पावणेनऊ दिवस. तेवढ्यात आत आणणं, शिड्या-फलाट लावणं, जोडणं, तपासणं, इंजिनं बसवणं आणि बाहेर काढणं. आणि स्टारशिप म्हणजे दोन टप्पे हे लक्षात घेतलं, तर हजार पूर्ण रॉकेटांसाठी दिवस निम्मेच राहतात.

जुनी इमारत पाडण्याची घाई इथे समजते. दोन-तीन टप्प्यांची जागा असलेल्या शेडमध्ये एखाद्या टप्प्याचं काम अडलं, एखादा जोड पुन्हा मारावा लागला, की मागची सगळी रांग थांबते. चोवीस जागा असल्या की अडलेला टप्पा एका कोपऱ्यात अडलेला राहतो, बाकीचं काम चालू.

पुनर्वापरात या कप्प्यांची गरज घटते की वाढते? इथे नासाच्या स्पेस शटलचा अनुभव बोलका आहे. शटलही पुन्हा वापरायचंच यान होतं. दोन उड्डाणांमध्ये साधारण दोन आठवडे लागतील, असं स्वप्न सुरुवातीला दाखवलं गेलं. प्रत्यक्षात सर्वांत जलद फेरा अटलांटिस यानाने १९८५ मध्ये पूर्ण केला, तो ५४ दिवसांचा होता, आणि १९८६ मध्ये चॅलेंजर या शटलला झालेल्या अपघातानंतर तेवढा वेगही कधी गाठला नाही. चोवीसेक हजार उष्णतारोधक टाइल एकेक करून तपासायच्या, इंजिनं काढून उघडायची. यान अवकाशात आठवडाभर आणि इमारतीत महिनोन्‌महिने. तीस वर्षांत १३५ उड्डाणं झाली. यान परत येत होतं, पण इमारतीतून बाहेर पडत नव्हतं.

फाल्कन ९ ने हे बरंच सुधारलं. मार्च २०२५ मध्ये एक बूस्टर नऊ दिवसांत पुन्हा उडाला. पण फाल्कनचा वरचा टप्पा दर वेळी नवाच लागतो. २०२४ मध्ये फाल्कनची १३४ उड्डाणं झाली, म्हणजे हॉथॉर्नच्या कारखान्याला सरासरी तीन दिवसांच्या आत एक नवा वरचा टप्पा द्यावा लागला. बूस्टर परत येऊ लागल्याने उड्डाणं वाढली आणि उड्डाणं वाढल्याने कारखान्यावरचा भार दुसरीकडे सरकला. पुनर्वापराने कारखाना रिकामा होतो, ही सुरुवातीची आपली समजूत इथेच मोडते.

स्टारशिपमध्ये शिपही परत आणायचं आहे, तरीही नवी शिप पुष्कळ लागतील असं कंपनी मानते. त्याचं एक कारण मंगळ. तिकडे जाणारी बरीचशी यानं तिथेच राहतील. दुसरं कारण इंधन. चंद्रावर उतरणाऱ्या स्टारशिपला पृथ्वीच्या कक्षेत इंधन भरून घ्यावं लागणार आहे आणि त्यासाठी टँकर म्हणून दहाहून अधिक उड्डाणं लागतील असे अंदाज आहेत. तिसरं कारण साधं: रचना सतत बदलते आहे आणि जुन्या आवृत्तीची यानं भंगारात जातात. यातलं मंगळाचं कारण मी सध्या बाजूला ठेवीन. वर्षाला हजाराचा आकडा त्याच्याच भरवशावर उभा आहे, आणि तो भरवसा अजून कागदावर आहे.

कारण कप्पे वाढले तरी पुढच्या अडचणी हटत नाहीत. २०२५ मध्ये स्टारशिपची एकूण पाच उड्डाणं झाली. टेक्सासच्या तळावरून वर्षाला २५ उड्डाणांना अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने त्याच वर्षी मे महिन्यात परवानगी दिली. आधी ती मर्यादा पाचची होती. इंजिनं दुसरीकडे बनतात, टेक्सासमधल्याच मॅकग्रेगर गावी एकेक करून पेटवून तपासली जातात. प्रत्येक उड्डाणाला हजारो टन द्रव ऑक्सिजन आणि मिथेन लागतं. नासाच्या इमारतीचा इतिहासही विसरण्यासारखा नाही: चार कप्प्यांची ती इमारत वर्षाला कितीतरी उड्डाणं होतील या आशेने बांधली होती, आणि सॅटर्न ५ एकूण १३ वेळाच उडालं. अर्थात ती पडून राहिली नाही. शटल तिथेच जोडलं गेलं, आता आर्टेमिस या नासाच्या नव्या चंद्रमोहिमेचं रॉकेट तिथे उभं राहतं. चांगली उंच इमारत कुठल्या ना कुठल्या रॉकेटला उपयोगी पडतेच.

गीगाबेचं काम कितपत साधतंय हे बाहेरून ओळखायचं तर एका आकड्यावर लक्ष ठेवावं: परत आलेला टप्पा किती दिवसांनी पुन्हा उडतो. पहिल्यांदा पुन्हा वापरलेला सुपर हेवी बूस्टर १६ जानेवारी २०२५ ला झेलला गेला आणि २७ मे ला पुन्हा उडाला. त्याच्या ३३ इंजिनांपैकी २९ जुनीच होती. मधले दिवस १३१. शिपच्या बाबतीत तर २०२५ च्या अखेरपर्यंत मोजायला आकडाच नव्हता, कारण तोवर एकही शिप परत आणून पुन्हा उडवलेलं नव्हतं. त्याच्या अंगावरच्या सुमारे १८ हजार टाइल वातावरणातून परत आल्यावर किती दिवसांत तपासून होतात, यावर त्या चोवीस कप्प्यांपैकी किती नव्या रॉकेटांसाठी मोकळे राहतील ते ठरेल.